दोन दिवसांची सुट्टी आणि बाराशे किलोमीटर

पत्र : नमस्कार. मी सव्वीस वर्षांची असून तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी आहे. कृषी पदवी झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत माझी निवड झाली आणि डिसेंबरअखेर मी इथे आले. जानेवारीपासून व्हिक्टोरिया राज्यातील मिल्ड्युरा येथे द्राक्षबागेत काम करते. सोमवार ते शुक्रवार काम असते आणि कर वजा होऊन आठवड्याला नऊशे डॉलरच्या आसपास हातात येतात. घरात आम्ही सहा जण आहोत, बाकीचे तैवान, इटली आणि चिलीचे. दर शुक्रवारी संध्याकाळी ते गाडी काढतात. गेल्या आठवड्यात मीही त्यांच्याबरोबर ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरायला गेले. रात्रभर प्रवास, शनिवारी दिवसभर पळापळ, रविवारी मध्यरात्री परत. साडेतीनशे डॉलर गेले आणि सोमवारी हातात कात्री धरवेना. फोटो पाहून काकांनी विचारले, 'पोरगी कामाला गेली आहे की फिरायला?' बाबा काहीच बोलले नाहीत, पण माझ्या तिकिटाचे पैसे बेदाणा विकून आलेल्या पट्टीतून आले आहेत, हे मी विसरू शकत नाही. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारे कामाचे अठ्ठ्याऐंशी दिवस पूर्ण होईपर्यंत फिरणे बंद करावे का? गाडी नेहमी घरातील दोन मुलगेच चालवतात. माझ्याकडे परवाना आहे, पण इथे मी एकदाही गाडी चालवलेली नाही. आपण कोणाबरोबर जातो, हे आईला सांगणे मी टाळते. काय करावे?

उत्तर :

तुमचे पत्र मिळाले. फिरणे बंद करू नका, असे मी पहिल्याच वाक्यात सांगते. मात्र गेल्या आठवड्यात ज्या पद्धतीने फिरलात ती पद्धत आजच बंद करा. या दोन्ही गोष्टी मी तितक्याच गांभीर्याने लिहीत आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या व्हिसाच्या अटींतच आहे. हा व्हिसा मुळात नोकरीचा नाही. अर्जदाराचा मुख्य हेतू त्या देशात दीर्घ सुट्टी घालवण्याचा असावा आणि त्या वास्तव्याचा खर्च भागवण्यासाठी त्याने मध्ये मध्ये काम करावे, अशी त्याची रचना आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील व्यापार करारामुळे 2024 पासून भारतीय तरुणांना तो खुला झाला. वर्षाला जागा फक्त एक हजार आणि वय अठरा ते तीस, त्यामुळेच सोडत काढावी लागते. म्हणजे ज्या हजारांत तुमची निवड झाली, त्यांनी तो देश पाहावा हे त्या व्यवस्थेलाच अपेक्षित आहे. तुम्ही कामाला गेला आहात आणि फिरायलाही गेला आहात, आणि यातील कोणत्याही अर्ध्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

आता त्या प्रवासाकडे वळू. मिल्ड्युराहून ग्रेट ओशन रोडवरील ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रातले खडक एका बाजूने सहाशे किलोमीटरच्या आसपास आहेत. जाऊन येऊन बाराशे. तासगावहून मुंबईला जाऊन परत यायचे आणि त्याच दोन दिवसांत पुन्हा मुंबई गाठायची, एवढे हे अंतर होते. पाच दिवस उन्हात द्राक्षे तोडून झाल्यावर, संध्याकाळी जेमतेम अंघोळ करून, तुम्ही त्या रस्त्याला लागलात. तो किनारी रस्ता सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरचा आहे आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी डोंगरकडा फोडून तो बांधला. तो नीट पाहायला निदान तीन दिवस हवेत, वाटेत मुक्काम हवा, वारा पडण्याची वाट पाहायला वेळ हवा. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तुम्ही त्यातले काय पाहिले असेल, याचे मला मनापासून वाईट वाटले.

खर्चापेक्षा मला अधिक काळजी वाटली ती शुक्रवारच्या रात्रीची. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात जाणते स्थानिक लोक सूर्यास्तानंतर शक्यतो गाडी काढत नाहीत, कारण कांगारू संध्याकाळी आणि पहाटे चरायला बाहेर पडतात आणि दिव्यांच्या झोतात गोंधळून नेमके गाडीसमोर उडी घेतात. महामार्गावर शंभर किंवा एकशे दहा किलोमीटर वेगाची मर्यादा असते. त्या वेगात साठ-सत्तर किलो वजनाचे जनावर समोर आले, तर गाडीच्या पुढच्या भागाचे काय होते हे तुमच्या बागमालकाला विचारा. तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला हा अनुभव असतो. अशा वेळी स्टिअरिंग झटक्याने वळवायचे नसते, गाडी सरळ ठेवून ब्रेक लावायचा असतो, कारण वळवलेली गाडी झाडावर आदळते किंवा उलटते आणि जीव जातो तो त्यात. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात रात्री शहराबाहेर जनावराला धडक बसल्यास विमा लागू नाही, असे कलम अनेकदा असते आणि ते कोणी वाचत नाही. यात झोपेची भर घाला. तिथे दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबण्याचा सल्ला रस्त्याकडेच्या फलकांवर लिहिलेला असतो. तो सल्ला मात्र झोप झालेल्या माणसासाठी आहे. दिवसभर काम केलेल्या चालकाने रात्री सहाशे किलोमीटर गाडी चालवायची, यावर पंधरा मिनिटांची विश्रांती हा उपाय होत नाही. म्हणून एक नियम स्वतःपुरता करा आणि घरातल्यांना स्पष्ट सांगा : शुक्रवारी रात्री निघायचे नाही. शनिवारी सकाळी ऊन वर आल्यावर निघायचे आणि रविवारी उजेड असताना घरी पोहोचायचे. या एका नियमात कोणती ठिकाणे शनिवार-रविवारची आणि कोणती नाहीत, याचा निकाल आपोआप लागतो.

मग ग्रेट ओशन रोड, ॲडलेड, ब्रोकन हिल ही ठिकाणे सोडून द्यायची का? मुळीच नाही, ती मे महिन्यात ठेवा. तुमच्या भागातील द्राक्षांची काढणी एप्रिलपर्यंत आटोपते आणि संत्र्यांची तोडणी हिवाळ्यात, जूनच्या सुमारास, जोर धरते. मधल्या काळात कामाला ओहोटी असते. या व्हिसावर एका मालकाकडे सामान्यतः सहा महिन्यांपेक्षा अधिक काम करता येत नाही; बागेतील कामाला या मर्यादेतून सूट आहे, पण काढणी संपली की कामात बदल करावाच लागतो. बहुतेक मुले या बदलाच्या काळाकडे बेकारी म्हणून पाहतात आणि धास्तावून मिळेल ते काम पकडतात. तुम्ही ती सुट्टी म्हणून आधीच आखून ठेवली, तर पंधरा दिवसांचा सलग प्रवास करता येईल. हवा थंड आणि निवळ असेल, शाळांच्या सुट्ट्या नसल्यामुळे गर्दी कमी असेल आणि सोमवारी पहाटे उठण्याचे ओझे नसेल. त्याआधी ईस्टरला गुड फ्रायडेपासून सोमवारपर्यंत चार दिवस सलग मिळतात. मात्र तेव्हा मुक्कामाची जागा महिनाभर आधी धरून ठेवावी लागते आणि काढणी लांबली असेल, तर बागेत त्या दिवसांतही काम निघू शकते.

राहिले नेहमीचे शनिवार-रविवार, आणि मला खरे तर त्यांच्याबद्दलच लिहायचे आहे. तुम्ही जिथे राहता तो भाग तुमच्या घरातील इतर पाच जणांसाठी केवळ काम मिळण्याचे ठिकाण असेल; तुमच्यासाठी तो त्याहून फार जवळचा असायला हवा. तासगावात बेदाणा ज्या पद्धतीने तयार होतो, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत सुकवणे, ती पद्धत आपल्याकडे ऑस्ट्रेलियातील बेदाणा उत्पादकांकडून आली, आणि त्या देशातील बेदाण्याचे मुख्य आगर म्हणजे मिल्ड्युराचा परिसर. आपल्याकडचे थॉमसन सीडलेस हे द्राक्षवाण तिथे सुलताना या नावाने पिढ्यान्‌पिढ्या लावले जात आहे, आणि तुमच्याच तालुक्यात निवडलेले तास-ए-गणेश हे वाण त्याच थॉमसनमधून आलेले. एखाद्या शनिवारी सकाळी जुन्या बागायतदाराच्या रॅकपाशी दोन तास घालवलेत, तर तुमच्या वडिलांना सांगण्यासारखे इतके काही मिळेल की त्यापुढे समुद्रकिनाऱ्याचा फोटो त्यांना फिका वाटेल.

शहरापासून दहाएक किलोमीटरवर किंग्ज बिलबाँग नावाचा पाणथळ भाग आहे. तिथे सायकी बेंड येथे 1891 मध्ये बसवलेले वाफेचे पंपघर आजही उभे आहे. कॅनडातून कॅलिफोर्नियामार्गे आलेल्या जॉर्ज आणि विल्यम चॅफी या भावांनी 1887 मध्ये मिल्ड्युराची सिंचन वसाहत सुरू केली. पाण्याअभावी ओसाड पडलेल्या जमिनीवर मरे नदीचे पाणी उचलून टाकले तर काय होईल, हे त्यांनी करून दाखवले. ते पंप जॉर्ज चॅफी यांनी स्वतः आखले होते. या भावांचे पुढे आर्थिकदृष्ट्या दिवाळे निघाले, वसाहतीतील अनेक शेतकरीही त्यात पोळले, आणि तरीही बागा टिकल्या. ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून शिवारात येताना ज्यांनी पाहिले आहे, त्या घरातील मुलीला या पंपघरासमोर उभे राहिल्यावर काय वाटेल, हे मी सांगायला नको. पंपघर आतून पाहण्याचे दिवस ठरलेले असतात, तेवढे आधी विचारून जा. सायकलने जाऊन येता येते आणि डबा घरून नेला तर खर्च जवळजवळ शून्य.

तीसएक किलोमीटरवर, नदीपलीकडे न्यू साउथ वेल्स राज्यात, वेंटवर्थ नावाचे छोटे गाव आहे. तिथे डार्लिंग नदी मरेला मिळते. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम तुम्ही लहानपणापासून पाहिला असेल. इथला संगम त्याहून संथ आहे, पण दोन पाण्यांचे रंग बऱ्याच अंतरापर्यंत वेगळे दिसतात, डार्लिंगचे गढूळ आणि मरेचे हिरवट. गावाबाहेर पेरी सँडहिल्स या तांबूस वाळूच्या टेकड्या आहेत. दोन्ही मिळून एक निवांत शनिवार होतो. मिल्ड्युरातच नदीवरील अकरा क्रमांकाच्या जलद्वारातून 1912 साली बांधलेली मेलबर्न नावाची चाकाची बोट पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढते-उतरते, तेही एकदा पाहावे.

एक ठिकाण मात्र असे आहे की ते पाहिल्याशिवाय मी तुम्हाला मिल्ड्युरा सोडू देणार नाही, आणि ते म्हणजे मुंगो राष्ट्रीय उद्यान. शहरापासून सुमारे एकशे दहा किलोमीटरवर हजारो वर्षांपूर्वी आटलेले एक सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर वाऱ्याने रचलेली वाळू आणि मातीची चंद्रकोरीच्या आकाराची लांबच लांब भिंत आहे, तिला वॉल्स ऑफ चायना म्हणतात. 1968 मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बोलर यांना तिथे जळालेली मानवी हाडे सापडली. ती सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीची होती आणि तिच्या माणसांनी तिचे दहन केले होते; माणसाने विधिपूर्वक केलेल्या दहनाचा हा जगातील सर्वांत प्राचीन ज्ञात पुराव्यांपैकी एक मानला जातो. 1974 मध्ये जवळच एका पुरुषाचे अवशेष मिळाले, त्यावर लाल गेरू शिंपडलेला होता. या पुरुषाचे अवशेष विद्यापीठाच्या कपाटांत दीर्घकाळ राहिले आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या प्रदीर्घ आग्रहानंतर 2017 मध्ये आपल्या जागी परत आले. मुंगो ज्यात येते तो विलँड्रा सरोवरांचा प्रदेश 1981 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पारकिंत्यी, न्गियाम्पा आणि मुथी मुथी हे तीन मूळ समूह या भूमीचे वारसदार आहेत, आणि लाकडी पायवाटेपलीकडे त्या भिंतीवर जायचे असेल, तर त्यांच्या रेंजरबरोबरच जाता येते. ती फेरी घ्या. तिच्याशिवाय मुंगो पाहणे अपुरे आहे.

पण फेब्रुवारीत जाऊ नका. या महिन्यात तिथे पारा चाळीसच्या वर जातो आणि सावली जवळजवळ नसते. एप्रिलच्या उत्तरार्धात जा. उद्यानात पेट्रोल आणि दुकान नाही, म्हणून टाकी भरलेली आणि माणशी निदान पाच लिटर पाणी बरोबर हवे. वाटेत कच्चा रस्ता लागतो आणि पाऊस पडला की तो चिखलाने बंद होतो, त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी रस्त्याची स्थिती पाहूनच निघावे. भाड्याची बहुतेक साधी वाहने कच्च्या रस्त्यावर न्यायला करारात मनाई असते. तशी गाडी असेल, तर मिल्ड्युराहून निघणाऱ्या मार्गदर्शकांच्या गाडीतून जाणे महाग असले तरी शहाणपणाचे आहे. मोबाइलचे जाळे बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. ग्रामीण भागात टेल्स्ट्रा या कंपनीचे जाळे सर्वांत दूरवर पोहोचते. निदान गटातील एकाकडे तरी ते असावे आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असावा.

यांशिवाय दक्षिणेला सत्तर किलोमीटरवर हाटा-कुल्काइन उद्यानातील तळी आणि त्यावरचे पक्षी आहेत, आणि दोनेक तासांवर सी लेक गावाजवळ लेक टायरेल हे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण उथळ सरोवर आहे. पाऊस होऊन गेल्यावर वारा नसेल, तर त्यात सगळे आकाश उतरते, त्यामुळे ते हिवाळ्यासाठी ठेवा. मरे नदीत पोहण्याविषयी मात्र सावध करते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली बुडालेली झाडे आणि ओढ असते, आणि ऑस्ट्रेलियातील नद्यांत बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये मरेचे नाव वरचे आहे. एकटीने उतरू नका, सूर मारू नका.

पैशांचे बोलू. आठवड्याला नऊशे डॉलर मिळत असतील आणि घरभाडे, जेवण, फोन यांना साडेतीनशे-चारशे जात असतील, तर एका फेरीला साडेतीनशे देणे तुम्हाला परवडणारे नाही, हे तुम्हालाही कळले आहे. दर आठवड्याला साठ डॉलर प्रवासासाठी वेगळ्या खात्यात टाका. जवळच्या फेऱ्या त्यातल्या वीस-तीस डॉलरमध्ये होतात, उरलेले साचू द्या. मेपर्यंत मोठ्या प्रवासाचा बराचसा खर्च निघेल आणि घरी पाठवण्याच्या रकमेला हात लागणार नाही. शनिवारी जादा काम मिळाले, तर ते अधूनमधून जरूर घ्या, पण दर शनिवारी घेऊ नका.

मेलबर्नला जायचे असेल, तर गाडीचा विचारच सोडा. मिल्ड्युराची प्रवासी रेल्वे 1993 मध्ये बंद झाली, पण सरकारी बस आणि पुढे रेल्वे अशी जोडसेवा आहे. व्हिक्टोरिया सरकारने मार्च 2023 च्या अखेरीपासून राज्यभराच्या भाड्याला मेलबर्न शहरातील दिवसभराच्या तिकिटाइतकीच कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास दहा-अकरा डॉलरच्या घरात होतो. वेळ बराच लागतो, जागा आधी आरक्षित करावी लागते, पण तुम्ही झोपू शकता आणि कोणाला तुमच्यासाठी जागे राहावे लागत नाही. सोमवारला जोडून सार्वजनिक सुट्टी आली की हा बेत करावा.

अठ्ठ्याऐंशी दिवसांबद्दल तुमच्या मनात गैरसमज असावा असे पत्रावरून वाटते. तुमच्या कामाच्या प्रकारात पाच दिवसांचा पूर्ण आठवडा हीच रीत असेल आणि तुम्ही तो पूर्ण वेळ केला असेल, तर मधला शनिवार-रविवारही त्या मोजणीत धरला जातो. तुटक, बोलावतील त्या दिवशी जाण्याचे काम असेल, तर फक्त प्रत्यक्ष काम केलेले दिवस धरले जातात. तुमचा करार कोणता आहे, ते आधी पाहा. कोणत्याही प्रकारात सुट्टीच्या दिवशी फिरल्याने काही कमी होत नाही. कमी होते ते सोमवारी दांडी मारल्याने किंवा थकव्यामुळे अर्ध्या दिवसात घरी परतल्याने. पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, कारण दुसऱ्या व्हिसाच्या वेळी तोच पुरावा लागतो, आणि सुट्टीत कुठे जायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकाला किंवा मुकादमाला नाही.

गाडी चालवणारे दोघे मुलगे आहेत याची आईला चिंता वाटेल असे तुम्हाला वाटते; मला त्यांच्या मुलगे असण्याची चिंता नाही. ते गाडी चालवण्यापूर्वी झोपले होते का, बिअर घेतात का, त्यांचा परवाना व्हिक्टोरियात अजून चालतो का, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला परदेशी परवान्यावर त्या राज्यात सहा महिनेच गाडी चालवता येते, पुढे स्थानिक परवाना घ्यावा लागतो. गाडी त्यांच्या मालकीची असेल, तर नोंदणी चालू आहे का आणि इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा आहे का, हे विचारा. तिथे नोंदणीबरोबर येणारे संरक्षण माणसांच्या दुखापतीपुरते असते. समोरच्या महागड्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही, आणि अशा वेळी खर्च वाटून घेण्याच्या गोष्टी गाडीतल्या सगळ्यांपर्यंत येतात. हे विचारण्यात संकोच करू नका. ज्याला हे प्रश्न टोचतात, त्याच्या गाडीत बसू नका.

तुम्ही स्वतःही चालवायला शिका. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, तुमच्या परवान्याचे सहा महिने अजून संपलेले नाहीत, आणि वेंटवर्थचा रस्ता सरावाला उत्तम आहे. चक्राकार चौकात आधीपासून असलेल्या वाहनाला आधी जाऊ देणे, फोनला हात न लावणे आणि थांबा लिहिलेल्या फलकापाशी रस्ता रिकामा असला तरी पूर्ण थांबणे, एवढ्या तीन सवयी लावल्या तरी निम्मे काम होते. गटात गाडी चालवू शकणारी तिसरी व्यक्ती असली, की बाकी दोघांवरील ताण कमी होतो आणि थांबायचे की पुढे जायचे, या निर्णयात तुमचा शब्द राहतो. परतीच्या तिकिटापुरते आणि एका रात्रीच्या खोलीपुरते पैसे कायम स्वतःजवळ वेगळे ठेवा. भारतीयांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ मिळत नाही, त्यामुळे तुमच्या विम्यात रुग्णवाहिकेचा खर्च धरला आहे का, हे आजच तपासा. दूरच्या भागातून उचलून आणावे लागले, तर तो खर्च काही महिन्यांची बचत संपवू शकतो. आणीबाणीचा क्रमांक तीन शून्ये.

बागायतदाराच्या मुलीला एक गोष्ट अधिक सांगते, कारण तिचे महत्त्व तुम्हाला लगेच पटेल. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर यांबा येथे तपासणी नाका आहे आणि ताजी फळे पलीकडे नेता येत नाहीत. फळमाशीमुळे हे निर्बंध आहेत. डब्यातला द्राक्षाचा घडही दंडास पात्र ठरतो. तसेच बागेत घालायचे बूट घालून दुसऱ्या भागातील द्राक्षमळ्यांत जाऊ नका. व्हिक्टोरियाच्या काही भागांत, यारा व्हॅलीसह, मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड आहे आणि ती मातीबरोबर पसरते.

आता घरच्यांचे. काकांना उत्तर देण्याची गरज नाही. बाबांना मात्र दर महिन्याला एकदा, त्यांनी विचारण्याआधी, हिशेब पाठवा : मिळाले किती, खर्च किती, प्रवासाला किती, बाजूला किती. बेदाण्याच्या पट्टीवर ज्यांचे वर्ष चालते, त्यांना आकडे वाचता येतात, आणि आकडे समोर असले की फोटो खुपत नाहीत. त्यांचे मौन नाराजीचेच आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. कदाचित काय विचारावे हे त्यांना सुचत नसेल. सायकी बेंडच्या पंपाचा फोटो पाठवून पाणी किती उंच उचलत असतील, असे त्यांनाच विचारून पाहा.

आईला खरे सांगा. निघण्यापूर्वी तिला बरोबर असणाऱ्यांची नावे, गाडीचा क्रमांक, मुक्कामाचे ठिकाण आणि रविवारी घरी पोहोचण्याची वेळ एका संदेशात पाठवा, आणि पोहोचल्यावर पुन्हा एक संदेश करा. वाटेत फोन लागणार नाही, हेही आधी सांगा, नाहीतर ती उगाच रात्र जागून काढेल. तुम्ही मुलांबरोबर राहता हे ऐकून ती पहिल्यांदा रागावेल, एखादा आठवडा अबोला धरेल. तरीही सांगा, कारण रस्त्यात काही झाले तर तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर होता, हे माहीत असलेले एक माणूस घरी असणे तुमच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. हीच माहिती मिल्ड्युरात मागे राहणाऱ्या एकालाही द्या. सांगितलेल्या वेळेनंतर तीन तासांत तुमचा संदेश आला नाही, तर पोलिसांना कळवायचे, हे त्या व्यक्तीशी आधीच ठरवून ठेवा.